वाचकांचे प्रश्न : गिऱ्हाईक एकही नाही, पोर्टफोलिओत काय दाखवू?

प्रश्न : वेब डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स झाला. एचटीएमएल, सीएसएस आणि फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं. बेळगावात दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचे नमुने, मागितला. क्लासमध्ये केलेली पंधरा पानं टाकू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नको. तीच पानं तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांकडे असतात आणि बघणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात. तीन कामं पुरेत, पण नव्यानं केलेली. कुंद्याचं दुकान, उद्यमबागेतली फाउंड्री, वडगावातला साड्यांचा मागवाला, कुणीही चालेल. मालकांना भेटून परवानगी घ्या, फोटो स्वतः काढा आणि कामाखाली ‘सरावासाठी केलेलं’ असं स्वच्छ लिहा. ते लपवलंत तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

तिन्हींतलं एक काम मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवंच. इथल्या दुकानाला तेच लागतं आणि नवशिके नेमके तिथंच फसतात. दुकानदार पत्रकाचा जुना मजकूर देतात. डीटीपीवाल्यानं तो श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टात केलेला असला, तर वेबवर नुसती अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे वेबवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्या आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मजकूर थोडा असेल तर सरळ पुन्हा टाइप केलेला बरा. नोटो सान्सचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट मोफत आहेत, शेजारी शेजारी शोभतातही. मजकुराची भाषा कोणती ते सांगणाऱ्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’ द्या. सोय असलेल्या फॉन्टात मग ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. इंग्रजी मथळ्याचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) मराठीला लागू झालं की शिरोरेघेचे तुकडे होतात. तिथं ते शून्य करा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, १.२ वर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

प्रत्येक कामाखाली शंभर-दीडशे शब्द लिहा : मालकांची अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, काय टाळलंत आणि का. ‘आकर्षक व आधुनिक डिझाइन’ हे वाक्य कुणीच वाचत नाही. आधी साइट ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर कशी दिसते त्याचं चित्र, मग कॉम्प्युटरवरचं.

साइट गिटहब पेजेस या ऑनलाइन सेवेवर फुकट चढवता येते. घरच्या विंडोजवर दिसणारे फोटो तिथं गायब झाले, तर फाइलचं नाव बघा. नावात कॅपिटल अक्षर आणि कोडमध्ये स्मॉल असलं तरी विंडोज चालवून घेतं, गिटहब घेत नाही. सगळी नावं स्मॉलमध्ये, मधे जागा न सोडता. मोबाइलवरचे चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका. १६०० पिक्सेल रुंद, वेबपी फॉरमॅटमध्ये, शक्यतो २०० केबीच्या आत.

प्रश्न : डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, विकत घेऊ का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तीन कामं तयार होईपर्यंत नको. पुढे घ्याल तेव्हा पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचा दर आधी बघा.