सॉफ्टवेअर नंतर, आधी आत्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गोव्यात म्हापशाच्या घरी वडिलांच्या दोनशेच्या आसपास कॅसेटी आहेत, चाळीसेक मिनी-डीव्ही (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) टेपा, स्टुडिओतून स्कॅन करून आणलेले फोटो आणि पंधरा वर्षांत जमलेले सिनेमे. हे सगळं ४ टीबीच्या डिस्कवर आणायचं आहे आणि ते 'आपोआप लावून देईल' असं सॉफ्टवेअर हवं आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय की कॅसेटींत काय आहे ते फक्त काकांना माहीत, आणि काका ८१ वर्षांचे आहेत.

सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासून करा. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी बसवलंत तरी काही बिघडत नाही.

तरी नावं सांगून टाकतो, नाहीतर इथलेच चारजण विचारतील. टीव्हीवर बघायला-ऐकायला जेलीफिन. फुकट आहे, २०१८ साली एम्बी नावाच्या तशाच प्रोग्रामपासून फुटून निघालं, मी चार वर्षं वापरतोय. गाण्यांच्या टॅगसाठी, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या नाव-गायक-साल या माहितीसाठी, एमपीथ्रीटॅग, विकत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड. फोटोंसाठी डिजीकॅम आणि अडलं तर एक्झिफटूल. एवढ्यात भागतं.

पण यांतलं सिनेमा-गाण्यांचं कुठलंही सॉफ्टवेअर तुमची फाइल 'बघत' नाही. सिनेमा असेल तर फाइलचं नाव घेऊन इंटरनेटवरच्या याद्यांत शोधतं, गाणं असेल तर फार तर आवाजाचा ठसा काढून जुळवतं. यादीत असेल ते छान लागतं. यादीत नसेल तर मात्र बऱ्याचदा गप्प बसत नाही, त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी चिकटवून मोकळं होतं. माझ्याकडे आमच्या देवळातल्या काल्याचा व्हिडिओ होता, फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत 'कालो २००३'. एका सर्व्हर प्रोग्रामने त्यावर कुठल्याशा परदेशी मारधाडपटाचं पोस्टर लावलं. आईने टीव्ही लावला तर हातात बंदूक घेतलेला गोरा बाप्या, आणि दाबल्यावर आत दहीहंडी. दोन दिवस घरात तोच विनोद चालला होता. विनोद इथपर्यंतच. त्याआधी दुसऱ्या एका प्रोग्रामला मी तीन हजार फाइलींवर 'सगळं दुरुस्त कर' म्हणून सोडला होता, आणि मी हाताने लिहिलेल्या शेऱ्यांवर त्याने खुशाल बोळा फिरवला. बॅकअप नव्हता. तेव्हापासून घरगुती गोष्टींची लायब्ररी वेगळी, आणि जेलीफिनमध्ये तिचा प्रकार 'होम व्हिडिओ आणि फोटो'. त्या प्रकारात ते बाहेर शोधायला जात नाही.

आता कॅसेटी. जागेची चिंता सोडा. सीडीच्या दर्जाने एका तासाची वाव (न दाबलेली) फाइल साधारण ६३५ एमबी होते, फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली) केली की साधारण निम्मी. दोनशे कॅसेटी तासाच्या धरल्या तरी ६०-७० जीबी. मिनी-डीव्ही तासाला १३ जीबी घेते, म्हणजे चाळीस टेपांचे ५२०. तुमच्या ४ टीबीत हे सगळं आरामात बसून उरेल. मूळ प्रत फ्लॅकच ठेवा. वाव फाइलीत टॅग धड बसत नाहीत आणि एमपी३ ही गाडीत ऐकायची प्रत, जपून ठेवायची नव्हे. आणि पावसाळ्यात माळ्यावरून काढलेली, पांढरी बुरशी धरलेली कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका. ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटी दबक्या आवाजात वाजतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पंधरवडाभर ठेवा, मग बघा.

खरं काम पुढे आहे. वडिलांच्या कॅसेटींतली एक मी आत्याकडे घेऊन गेलो होतो. वर त्यांच्या अक्षरात 'ना. ८६ – २' एवढंच. मी टॅगमध्ये १९८६ घालून मोकळा होणार होतो. आत्याने ओसरीवर बसून पाचेक मिनिटं ऐकलं. पहिल्यांदा म्हणाली, "ही पेटी भटमामाची न्हय." मग पदाच्या मध्येच आवाज एकदम लांब गेला. मला वाटलं टेप खराब झाली. ती म्हणाली, वीज गेली, माइक बंद पडले, गॅसबत्तीवर पुढचा अंक झाला. वडिलांचा रेकॉर्डर सेलवर चालायचा म्हणून तो चालूच राहिला. थोड्या वेळाने मागे तडतड सुरू झाली. ती मी घरी 'नॉइज' समजून काढायला बसलो होतो. आत्या म्हणाली, पत्र्यावर पाऊस. "पत्रे घातले ते तुझ्या मुंजीच्या वर्षी, त्याआधी झावळांचा मांडव होता." माझी मुंज १९८८ ची. म्हणजे ८६ सालच्या कॅसेटीवर वडिलांनी निदान दोन वर्षांनी दुसरंच नाटक भरलं होतं आणि लेबल बदललं नव्हतं. त्या काळात कोरी कॅसेट महाग, सगळ्यांच्याच घरी हे चालायचं.

यातून मी तीन सवयी लावून घेतल्या. एक, कॅसेटीच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून तो फाइलीतच मुखपृष्ठ म्हणून घालतो. लेबल खोटं असलं तरी ते वडिलांचं अक्षर आहे. दोन, शेऱ्याच्या रकान्यात माहितीबरोबर ती कोणी सांगितली आणि कधी तेही लिहितो: 'साल १९८८ किंवा नंतरचं, पत्र्यावरच्या पावसावरून, आत्या, एप्रिल २०१९'. उद्या कोणी वेगळं सांगितलं तर कशावर विश्वास ठेवायचा ते कळतं. तीन, आवाज स्वच्छ करायची घाई करत नाही. मूळ प्रतीला हात नाही, सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

काकांबरोबर बसाल तेव्हा लॅपटॉप उघडून रकाने भरत बसू नका, माणूस गप्प होतो. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, रात्री टॅग भरा. ते रेकॉर्डिंगही त्याच फोल्डरात ठेवा.

नाटकाच्या पदांना कुठल्या रकान्यात काय, हा गोंधळ सगळ्यांचा होतो, कारण हे रकाने केले आहेत विलायती अल्बमसाठी. उदाहरण घ्या. जत्रेतल्या नाटकात गावच्या कोणी 'मानापमान'मधलं पद म्हटलंय. नाटक खाडिलकरांचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, साल १९११. तर कलाकाराच्या रकान्यात ज्याने त्या रात्री म्हटलं तो, संगीतकारात टेंबे, गीतकारात खाडिलकर. अल्बम म्हणजे 'मानापमान, गावाचं नाव, जत्रेचं साल', आणि अल्बमच्या कलाकारात नाट्यमंडळ. सालात १९११ घालायचं नाही, तिथे त्या रात्रीचं साल. १९११ साठी 'मूळ साल' असा वेगळा रकाना मिळतो. कॅसेट संगणकात कधी घेतली ते शेऱ्यात. ही तीन सालं एकमेकांत मिसळली की पुढे ती सोडवणं फार जिकिरीचं होतं.

नावांचा घोळ त्याहून मोठा. माझ्याकडे एकेकाळी पं. जितेंद्र अभिषेकी, जितेंद्र अभिषेकी, अभिषेकीबुवा आणि इंग्रजीतले दोन, असे पाच अभिषेकी होते. केसरबाई केरकर 'सूरश्री'सह आणि 'सूरश्री'शिवाय. पंडित, बुवा, सूरश्री हे सगळं शेऱ्यात जाऊ द्या, कलाकाराच्या रकान्यात नुसतं नाव-आडनाव. मान कमी होत नाही. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेला, आपल्या डिस्कवर पदवीवाचून त्यांचं काही अडत नाही.

भाषेचा रकाना कोणी भरत नाही, आपल्याकडे तो भरलाच पाहिजे. एकाच घरात मराठी भजन, कोकणी मांडो (गाणी) आणि रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, लिपीत छापलेल्या तियात्राच्या (कोकणी नाटकांच्या) सीड्या असतात. मराठीला 'एमएआर', कोकणीला 'केओके' हे तीन अक्षरी कोड रोमी लिपीत घाला. तियात्राची नावं आवरणावर जशी रोमीत आहेत तशीच ठेवा. आपण देवनागरीत लिहायला गेलो की प्रत्येकजण वेगळं लिहितो आणि मग सापडत नाही.

देवनागरीवरून आठवलं. टॅग देवनागरीतच लिहा, पण काही खड्डे आहेत. एमपी३ ला टॅगची जुनी पद्धत लावलीत तर शीर्षकाला जेमतेम ३० अक्षरं आणि तीही रोमीच. म्हणून जुन्या कार स्टिरिओवर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. या टॅग-पद्धतीचं नाव आयडी३, तिची दुसरी आवृत्ती निवडा. फ्लॅकला ही कटकट नाही, तिथे सगळं युनिकोड, म्हणजे कुठलीही लिपी चालते. दुसरा खड्डा फाइलींच्या नावांचा. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला ती ४ चिन्हं, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत १२ बाइट. लिनक्सवर चालणाऱ्या डिस्कपेट्यांत (घरच्या नेटवर्कला जोडायच्या) एका नावाला बहुधा २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे काना-मात्रा-हलंत धरून जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर तेच नाव बिनबोभाट चालतं, त्यामुळे चूक कळते ती कॉपी करताना अर्ध्यावर. माझं 'श्री अमुक प्रासादिक संगीत नाट्यमंडळ प्रस्तुत' असं सुरू होणारं एक नाव असंच अडकलं होतं. फाइलीचं नाव आखूड ठेवा, बाकी पाल्हाळ टॅगमध्ये. सालाच्या आणि क्रमांकाच्या रकान्यात आकडे इंग्रजी घाला, आयडी३ ला तेच चालतात.

तिसरा खड्डा मला वर्षभर कळला नव्हता. 'गाभाऱ्यात' हा शब्द शोधला की सहा भजनं मिळायची, डोळ्यांना मात्र अकरा दिसत होती. झालं असं होतं की अर्धी नावं मी लॅपटॉपवर टाइप केली होती, अर्धी फोनवर. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला हुबेहूब सारखे, शोधणाऱ्या प्रोग्रामला वेगळे. एमपीथ्रीटॅगमध्ये एकदा सगळीकडे शोधा-बदला करून एकच तऱ्हा ठेवली तेव्हा अकरा सापडली. तुमच्याकडे दोघंजण टाइप करणार असाल तर हे पहिल्या दिवशीच ठरवा.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. स्कॅन केलेल्या फोटोंवर बहुधा स्कॅन केल्याची तारीख असते, त्यामुळे आजीचं लग्न २०२२ साली लागलेलं दिसतं. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच असलेल्या माहितीत, फोटो काढल्याची तारीख आणि तो डिजिटल झाल्याची तारीख असे दोन रकाने आहेत, पहिला दुरुस्त करा. नुसतं साल माहीत असेल तर १ जानेवारी घाला आणि वर्णनात 'अंदाजे' लिहा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोत मूळ तारीख उरत नाही, म्हणून नातेवाइकांकडून फोटो मागवाल तर ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर.

जागेचा रकाना मात्र सोडू नका. आमच्या मामीचं माहेर कुर्डीचं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचंच गाव. साळावली धरणात ते बुडालं, मे महिन्यात पाणी ओसरलं की चौथरे वर येतात. त्या घरासमोरच्या फोटोला जागा लावली की नकाशावर पिन पाण्यात पडते. माझ्या भाच्याने चूक समजून ती काठावर सरकवली होती. मी परत पाण्यात ढकलली. वर्णनात घराचं जुनं नाव, वाडा आणि कोणत्या देवळाच्या बाजूला, तेवढं मामीकडून लिहून घेतलं.

सिनेमांना वेळ घालवू नका. 'नाव (साल)' असा फोल्डर, आत त्याच नावाची फाइल, बाकी जेलीफिन बघून घेईल. इथे 'आपोआप' खरंच चालतं.

एकच डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. दुसरी प्रत घरात, तिसरी दुसऱ्या गावी. माझी मडगावला बहिणीकडे असते, दर गणेशचवथीला अदलाबदल होते. विजा चमकायला लागल्या की वायर काढून ठेवा.

आणि जे कळत नाही तो रकाना रिकामा ठेवू नका, 'अनोळखी' असं लिहा. रिकामं शोधता येत नाही, 'अनोळखी' शोधता येतं. माझ्या तशा अकरा फाइली होत्या, त्या मी फोनवर घेऊन हिंडतो. गेल्या चवथीला आरतीला आलेल्या एका तबलजीने घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्याच्या हातावरून दोन ओळखल्या, तेही जेवायला पान वाढेपर्यंतच्या वेळात. आता नऊ राहिल्यात.