‘२.९ रिश्टर स्केल तीव्रतेचा धक्का’ : यात बरोबर किती?

एका दैनिकात मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. कोयना परिसरातल्या धक्क्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं एकाच साच्यात येतात : ‘परिसराला २.९ रिश्टर स्केल तीव्रतेचा सौम्य धक्का’. त्यांना कळत नाही की ‘रिश्टर स्केल’ हे किलो किंवा मीटरसारखं एकक आहे का, नुसतं ‘२.९ रिश्टर’ लिहिलं तर चालेल का. शिवाय एका सहकाऱ्याने ‘तीव्रता’ या शब्दालाच हरकत घेतली. ती रास्त आहे का?

हरकत रास्त आहे, आणि ‘रिश्टर’च्या गोंधळापेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी.

भूकंपाची मापं दोन. भूकंप मुळात केवढा झाला, याचा आकडा एका भूकंपाला एकच असतो. अमुक गावात जमीन किती हादरली, हे मात्र गावागणिक बदलतं. पहिल्याला शास्त्रज्ञ मॅग्निट्यूड म्हणतात, दुसऱ्याला इंटेन्सिटी. मराठीत ‘तीव्रता’ दुसऱ्यालाच शोभते. उन्हाची तीव्रता, वेदनेची तीव्रता असं आपण म्हणतो तेव्हा ते सोसणारं कुणीतरी असतं. भूकंपाचीही तीव्रता किल्लारीची वेगळी, सोलापूरची वेगळी, पुण्याची वेगळी.

या तीव्रतेची स्वतंत्र मोजपट्टी आहे. मर्काली या इटालियन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये ती नावारूपाला आणली, १९३१ मध्ये अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती निघाली. भारतात १९६४ ची ‘एमएसके’ श्रेणी वापरतात. मेदवेदेव, श्पोनहॉयर आणि कार्निक या तिघांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. दोन्हींत पायऱ्या बारा. पहिल्या पायरीचा हादरा यंत्रालाच कळतो, पाचव्याला झोपलेली माणसं जागी होतात, सहाव्याला लोक घाबरून बाहेर धावतात आणि गिलावा पडतो, बाराव्याला भूप्रदेशाचं रूपच बदलतं. यंत्राने नव्हे, तर गावोगाव फिरून, भिंती पाहून, माणसांना विचारून ही पायरी ठरते. ती रोमन आकड्यांत लिहायची रीत आहे, म्हणजे दुसऱ्या मापाशी गल्लत होत नाही. दशांश चिन्ह तिथे नसतंच. त्यामुळे ‘तीव्रता २.९’ हा आकडा या मोजपट्टीवर कुठेच बसत नाही.

आता ‘किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला’ हे वाक्य शब्दशः घेऊन बघा. सहाव्या पायरीला गिलावा पडतो, गावं जमीनदोस्त होत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत जे झालं ते आठव्या पायरीच्याही पुढे गेलं होतं. धक्का मुंबई, पुणे, हैदराबादपर्यंत जाणवला, पण तिथली तीव्रता कितीतरी कमी. म्हणजे ६.२ हा भूकंपाचा आकडा आणि आठ-नऊ ही किल्लारीची पायरी. दोन्हींना एकच शब्द वापरला की ६.२ आठ-नऊपेक्षा लहान वाटतो, आणि दोन्हींची तुलना मुळात होतच नाही, हे वाचकाला कुणी सांगत नाही.

नुकसान ही आणखी तिसरी गोष्ट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप ६.३ च्या आसपासचा होता, म्हणजे किल्लारीच्या तोडीचा. तिथे सुमारे १८० माणसं गेली, किल्लारी परिसरात दहा हजारांच्या घरात. यात जमिनीच्या हादऱ्याइतकाच दाट वस्तीचा आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर पेललेल्या माळवदांचा हात होता. शिवाय त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ‘तीव्रता जास्त म्हणून बळी जास्त’ हे बातम्यांतलं ठरलेलं वाक्य म्हणूनच मला खटकतं.

आता रिश्टर. चार्ल्स रिश्टर कॅलिफोर्नियातले भूकंपशास्त्रज्ञ. दक्षिण कॅलिफोर्नियात रोज होणारे लहानमोठे भूकंप एका रांगेत लावता यावेत म्हणून १९३५ मध्ये त्यांनी ही श्रेणी मांडली, बेनो गुटेनबर्ग यांची मदत होतीच. कृती सोपी होती. भूकंप १०० किलोमीटरवर झाला आणि वुड-अँडरसन जातीच्या भूकंपमापकाच्या कागदावर रेषेचा झोका एक मिलिमीटर उमटला, तर आकडा ३. झोका दहा मिलिमीटर असेल तर ४, शंभर असेल तर ५. अंतर वेगळं असेल तर तक्त्यावरून दुरुस्ती करायची. म्हणजे दर आकड्याला झोका दहापट वाढतो. बाहेर पडणारी ऊर्जा तर सुमारे बत्तीसपट वाढते. त्या हिशेबाने किल्लारीचा ६.२ हा कोयनेच्या २.९ च्या नव्वद हजारपटीच्या आसपास जातो. ‘सौम्य’ हे विशेषण तेवढं अगदी चपखल आहे.

यावरून एककाच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. हा लॉगॅरिथमचा नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही. ‘स्केल’ म्हणजे ती श्रेणी. ‘२.९ रिश्टर स्केलचा धक्का’ हे ‘४० सेल्सिअस मोजपट्टीचं तापमान’ म्हणण्यासारखं झालं. ‘२.९ रिश्टर’ त्याहून चूक, कारण किलो जसा वजनाचा असतो तसा रिश्टर कशाचाच नाही. ‘रिश्टर स्केलवर २.९’ एवढं लिहिलं तर व्याकरण सुटतं, तो एक ‘वर’ बरंच काम करतो. स्केल म्हटलं की आपल्याकडे कंपासपेटीतली पट्टी आठवते, पण परदेशातही फार वेगळं नाही. लोक दरवर्षी येऊन तुमचं स्केल दाखवा म्हणतात, ते यंत्र आहे असं त्यांना वाटतं, अशी तक्रार खुद्द रिश्टर यांनी केली होती.

व्याकरण सुटलं तरी वस्तुस्थितीचं काय? रिश्टर यांचा तक्ता दक्षिण कॅलिफोर्नियाच्या भूकवचावर बेतलेला होता. अंतराबरोबर लाटा किती मंदावतात हे खालच्या खडकावर ठरतं, आणि आपल्या पायाखालची रचना निराळी आहे. कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा लाव्हाचा बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि पुढे जुना ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीत बेसॉल्ट साडेतीनशे मीटरदेखील निघाला नाही. दख्खनच्या पठाराचा हा पाया प्राचीन, थंड आणि कडक आहे. त्यातून लाटा लांबवर जातात. कॅलिफोर्नियाचा तक्ता इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरी अडचण मोठ्या भूकंपांची. सातच्या आसपास रिश्टर यांची मूळ पद्धत थकते, भूकंप वाढला तरी आकडा वाढत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा भारतीय हवामान खात्याने ६.९ सांगितलं आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ७.७. लोकांना लपवाछपवीचा संशय आला. ०.८ चा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे सोळापट, तेव्हा संशय स्वाभाविकच. पण आकडे दोन वेगळ्या श्रेणींवरचे होते. दुसरी श्रेणी म्हणजे हँक्स आणि कानामोरी यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मोमेंट मॅग्निट्यूड. प्रस्तरभंगाचा, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगेचा, किती मोठा भाग सरकला, किती अंतर सरकला आणि तिथला खडक किती कणखर, या तिन्हींच्या गुणाकारावरून ते काढतात. आज जगभर मोठ्या भूकंपांना तेच लावतात. चिलीच्या १९६० च्या भूकंपाचा ९.५ हा आकडा याच श्रेणीवरचा. त्याला ‘९.५ रिश्टर’ म्हणणं म्हणजे ज्या मापाने तो मोजताच येत नाही त्याचं नाव त्याला चिकटवणं.

दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची सूचना पाहिलीत तर त्यात ‘एम’ हे अक्षर, आकडा, वेळ, अक्षांश-रेखांश, खोली आणि ठिकाण एवढंच असतं. रिश्टर आणि तीव्रता दोन्ही शब्द आपल्याकडे भाषांतरात शिरतात.

मग मॅग्निट्यूडला काय म्हणायचं? हा शब्द भूकंपशास्त्राने खगोलशास्त्रातून उचलला. भूकंपशास्त्रज्ञ हॅरी वुड यांनी तो सुचवला, आणि रिश्टर स्वतः ताऱ्यांचे शौकीन होते. मराठीत ताऱ्यांसाठी ‘प्रत’ रुळलेला आहे : पहिल्या प्रतीचा तारा, सहाव्या प्रतीचा तारा. ‘सहाव्या प्रतीचा भूकंप’ म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण ताऱ्यांत आकडा वाढला की तेज घटतं, इथे आकडा वाढला की भूकंप वाढतो. शिवाय ‘उत्तम प्रतीचा तांदूळ’ कानात बसलेला असताना भूकंपाची प्रत विचित्रच वाटेल. त्यापेक्षा ‘परिमाण’ बरा. सदिशाचं ‘परिमाण आणि दिशा’ शाळेत शिकलेल्या वाचकाला तो परका नाही.

जाता जाता ‘केंद्र’. पाठ्यपुस्तकांत भूगर्भातल्या उगमाला ‘भूकंपनाभी’ आणि तिच्या बरोबर वर जमिनीवर येणाऱ्या जागेला ‘अपिकेंद्र’ म्हणतात. ‘केंद्र हेळवाकपासून अमुक किलोमीटरवर’ असेल तर ते अपिकेंद्र, ‘केंद्र दहा किलोमीटर खोल’ असेल तर ती नाभी. खोलीचा नेमका अंदाज येत नसला की उथळ भूकंपाला दहा हा ठोकळ आकडा लावायची पद्धत आहे, तेव्हा प्रत्येक दहाला फार अचूक समजू नका.

‘रिश्टर’ की ‘रिक्टर’ या वादात मी पडणार नाही. अमेरिकेत ‘रिक्टर’ म्हणतात, मराठीत ‘रिश्टर’ रूढ झालं आहे, राहू द्या.

ताई, मजकुरात ‘२.९ परिमाणाचा सौम्य धक्का’ लिहा. गावात भांडी वाजली, कौलं सरकली असं वार्ताहराने कळवलं असेल तर ते पुढच्या वाक्यात घ्या, तीव्रता तिथे येते. मथळ्यात जागा नसेल तर ‘कोयनेत २.९ चा धक्का’ पुरे, ‘स्केल’चीही जागा वाचते.