साक्षीदाराचा पिंजरा : मालिकेतला आणि तालुक्याच्या न्यायालयातला

प्रश्न : गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारच्या शेतात बांधावरून भांडण झाले आणि एका वृद्ध शेतकऱ्याला काठीने मारहाण झाली. मी ती पाहिली. आता मला साक्षीचे समन्स आले आहे. मालिकांमध्ये वकील साक्षीदारावर ओरडतात, ‘हो की नाही, एवढेच सांगा’ म्हणतात, आणि तो अडखळला की खोटा ठरतो. मला नीट बोलता येते ते अहिराणीतच. माझ्यामुळे त्या बाबांचे नुकसान तर होणार नाही ना?
— एक वाचक भगिनी, जामनेर तालुका

उत्तर : ताई, आपण जे पाहिले तेवढेच सांगितलेत, तर आपल्या अडखळण्याने खटला बुडत नाही. मालिकांतील आरडाओरड्यापेक्षा मला त्यांची दुसरी एक शिकवण अधिक घातक वाटते : साक्ष ठसकेबाज झाली पाहिजे, ही. याच समजुतीने भले साक्षीदार मूळ हकिकतीत भर घालतात, आणि पोलिसांना दिलेल्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट न्यायालयात प्रथमच सांगितली गेली की बचाव पक्षाचे वकील उलटतपासात नेमके तिच्यावरच बोट ठेवतात. काठी कोणत्या हातात होती हे आठवत नसेल, तर ‘माले याद नही’ हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे.

अहिराणीचा संकोच मुळीच बाळगू नका. तालुका न्यायालयाची भाषा मराठी असली, तरी साक्षीदाराने दुसऱ्या भाषेत साक्ष दिल्यास ती शक्य असेल तर त्याच भाषेत लिहून घ्यावी, नाहीतर न्यायालयाच्या भाषेत तिचा खरा अनुवाद करावा, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यातही होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नोंदवलेली साक्ष आपल्याला वाचून दाखवली जाते. आपल्या बोलण्याचा अर्थ बदललेला वाटला, तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांगून दुरुस्ती मागावी. मालिकेत हा टप्पा कधीच येत नाही, कारण त्यात नाट्य नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात मात्र न्यायाधीश साक्षीतील मजकूर सांगत आहेत आणि तो टंकलिखित होत आहे, हे संथ काम दिसते, आणि खऱ्या न्यायालयाची चाल साधारण तशीच असते.

प्रथम सरकारी वकील आपला सरतपास घेतील, म्हणजे आपण काय पाहिले ते विचारतील; नंतर बचाव पक्षाच्या वकिलांकडून उलटतपास होईल. त्यात सूचक प्रश्न, म्हणजे हवे ते उत्तर आधीच सुचवणारे प्रश्न, विचारण्यास मुभा आहे. ‘तुम्ही तेथे नव्हताच’ असेही सुचवले जाईल, आणि तो अपमान समजू नये. मात्र अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायाधीशांनी रोखावेत, असे साक्ष्य कायदा सांगतो. एका शब्दाचे उत्तर दिशाभूल करणारे ठरत असेल, तर ‘साहेब, मला खुलासा करायचा आहे’ असे न्यायाधीशांकडे पाहून सांगावे. उलटतपासात उपस्थित झालेल्या बाबींचा खुलासा सरकारी वकील फेरतपासात, म्हणजे त्यानंतर पुन्हा प्रश्न विचारून, करून घेऊ शकतात.

धर्मग्रंथावर हात ठेवण्याची गरज नाही. शपथ अधिनियम, १९६९ नुसार ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. न्यायाधीशांच्या हातचा तो लाकडी हातोडाही आपल्याकडे नसतो.

समन्सची प्रत आणि ओळखपत्र सोबत ठेवा, आणि पुकारा होईपर्यंत आवारातच थांबा. साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदवल्याशिवाय सुनावणी पुढे ढकलू नये, असा कायद्याचा दंडक आहे. तरीही ती ढकलली गेली, तर पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका. वेचणीची मजुरी बुडवून आपण येणार आहात, म्हणून साक्षीदाराच्या भत्त्यासाठी त्याच दिवशी सरकारी वकिलांमार्फत विनंती करा.