फायबरच्या होडीचा तळ पिवळा-हिरवा झालाय, कडेवर हात फिरवला की पांढरी पावडर लागते. घासू की रंग देऊ?

रंग देऊ नका. घाईत असाल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय, होडी १४ फुटी, सात-आठ वर्षं जुनी, बाराही महिने धरणाच्या पाण्यात बांधलेली, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंय की एक हात ऑइल पेंट मारा, नव्यासारखी होईल. ते 'कुणीतरी' तुमचे कोण लागतात ते तुम्ही सांगितलेलं नाही. आमच्याकडे ते माझे दाजी होते.

आमची होडी १२ फुटी. गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, सावरगावच्या अंगाला आमची द्राक्षबाग आहे. उन्हाळ्यात पाणी मागं हटत जातं तशी मोटार, पाइप, पाइपच्या टोकाची झडप म्हणजे फूटव्हॉल्व्ह, सगळं पुढं न्यावं लागतं. फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला की होडीशिवाय काम होत नाही. नाशिकचे पाहुणे येतात, होडी बघतात आणि म्हणतात, मजा आहे बुवा तुमची. मजा कसली, आमच्याकडे होडी फावडं-टिकावातच मोजली जाते.

२०१९च्या उन्हाळ्यात दाजी आठवडाभर राहायला आले. दाजी चांदवड तालुक्यातले. पाण्याशी त्यांचा संबंध टँकरपुरता. पण दत्तू भोकनळचं तळेगाव रोही त्यांच्याच तालुक्यात, आणि दत्तू २०१६ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये वल्हवून आलेला. तेव्हापासून होडीचा विषय निघाला की दाजी स्वतःला निम्मे प्रशिक्षक समजतात. आल्या आल्या त्यांनी होडीच्या कडेवर हात फिरवला, पांढरा झालेला तळवा मला दाखवला आणि म्हणाले, "ही होडी आहे का दळणाचा डबा?"

अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती. बागेत सबकेनचं, म्हणजे द्राक्षाच्या काड्यांचं, काम चालू होतं, मजूर मिळत नव्हते, मी औषधं आणायला शहरात गेलो होतो. संध्याकाळी परत येतो तर होडी आकाशी निळी. फाटकासाठी आणलेला ऑइल पेंट उरला होता, तो दाजींनी सगळा संपवला. ना घासली, ना धुतली. वरून त्या रंगात दोन मुठी मोरचूद कालवलेलं. का, तर बोर्डोनं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यानं, द्राक्षावरची डावणी (बुरशीचा रोग) जाते, मग शेवाळ का जाणार नाही? आई म्हणाली, छान दिसतीये की. जावयाला बोलणार कोण?

आता मोरचुदाचं सांगतो, कारण ही अक्कल तुम्हालाही कुणीतरी शिकवेल. दाजींचा विचार अगदीच वेडा नव्हता. समुद्रातल्या बोटींच्या तळाला जो खास रंग देतात त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं, ते हळूहळू पाझरतं आणि कालवं-शेवाळ चिकटू देत नाही. पण मोरचूद पाण्यात चटकन विरघळतं. आठ दिवसांत जे असेल ते पाण्यात गेलं, रंगाला बारीक भोकं तेवढी राहिली. शिवाय तांबं माशांना विष आहे, आणि हे पाणी नाशिक शहर पितं. समुद्रात जे लागतं ते गोड्या पाण्यात लागत नाही, विषय संपला.

त्या वर्षी ४ ऑगस्टला गोदावरीला पूर आला, नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला, ते आठवत असेल. त्या पावसात आम्ही चौघं होडी दोरानं वर ओढत होतो. तळाला हात घातला तर सापाची कात निघावी तसा निळा पापुद्रा माझ्या हातात आला, वीतभर लांब. बाकी तळावर लिंबाएवढे फोड. एक नखानं फोडला तर आतून पाणी. ऑइल पेंट हा लोखंडी फाटकाचा, दारं-खिडक्यांचा रंग आहे. चोवीस तास पाण्यात राहायला तो बनवलेलाच नाही, मऊ पडतो आणि सुटतो. त्यात खाली पीठ झालेला थर, मग तो धरणार कशाला?

ते पीठ म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. फायबरच्या होडीला सगळ्यात बाहेर जेलकोट असतो, साधारण अर्धा मिलिमीटर. रंग वेगळा नसतो, त्यातच पिगमेंट घातलेलं असतं. उन्हानं त्याचा वरचा थर मरतो आणि त्याची पावडर होते. मेलेला थर काढला की खाली चांगला जेलकोट असतोच. पण अर्ध्या मिलिमीटरमधून तुम्ही किती वेळा काढणार? म्हणून कमीत कमी काढायचं आणि मेणानं झाकायचं. एवढीच विद्या आहे.

आधी होडी पाण्याबाहेर घ्या, धरणापासून लांब, शेतात. फवारणीचा एचटीपी पंप असेल तर त्यानं धुवा, नळी हातभर लांब धरा. आधी टाकी विसळा, नाहीतर गंधकाचं पाणी होडीवर. हिरवं शेवाळ ओलं असतानाच निघतं, वाळलं की दगड. साधा साबण आणि प्लॅस्टिकचा ब्रश पुरतो. तारेची घासणी लावू नका, तिचे कण जेलकोटात रुततात आणि महिन्यानं जागोजाग गंजाचे ठिपके उमटतात.

पाण्याच्या रेषेवर पांढरी खरखरीत पट्टी असेल तर तो क्षार. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, ते पाण्यात घालून फडकं भिजवून पट्टीवर चिकटवून ठेवा. पिवळं-तपकिरी मात्र साबणानं हलत नाही, तो पाल्यापाचोळ्याचा आणि लोहाचा डाग. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. हे मला कुठल्या बोटवाल्यानं सांगितलं नाही, सांगितलं आमच्या जुन्या घरातली मोझॅक फरशी पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रीनं. फरशीला चमक आणायला ते हीच पांढरी पावडर वापरतात. लिटरभर पाण्याला ३०-४० ग्रॅम, होडी सावलीत, ब्रशनं लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग भरपूर पाणी. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी बाजूला उभा राहून बघत होतो. चहाच्या डागासारखा पिवळा पट्टा डोळ्यादेखत फिका पडत गेला आणि आतून होडीचा मूळ पांढरा रंग आला, जो मी पाच वर्षांत पाहिला नव्हता. हातमोजे, चष्मा घाला, पोरांना लांब ठेवा, विषारी आहे. संडासचं अ‍ॅसिड वापरू नका. आणि कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नका, क्लोरीन निघतो.

मग रबिंग कंपाउंड, गाड्यांचं चालतं. फारच पीठ असेल तर आधी वॉटर पेपर, ८०० नंबर, मग १२००, मग २०००, सतत पाणी टाकत. नंतर चांगलं मेण, दोन हात. सिलिकॉनचं पॉलिश घेऊ नका. पुढं कधी ठिगळ मारायची वेळ आली तर त्यावर काही धरत नाही.

आता ठिगळाचं. इथं मला थोडं मागं जावं लागेल.

दाजींचा रंग काढायला मी बसलो तेव्हा दोन दिवस पत्रीनं खरवडला. तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. वेल्डिंगवाल्याकडून चार इंची ग्राइंडर आणला आणि त्याला खरखरीत चकती लावली. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. बफिंगचं मशीन दीड-दोन हजारांच्या आत चालवायचं असतं. मला हा फरक माहीत नव्हता असं नाही, राग होता. निळा गेला, पांढरा दिसला, मी थांबलो नाही, पांढरा गेला आणि खाली काचेचे धागे दिसायला लागले. तळहाताएवढी जागा, अगदी मधोमध. वर त्या काचेच्या भुकटीनं मानेपासून कोपरापर्यंत जी खाज सुटली ती आठवडाभर गेली नाही.

म्हणून दर दिवाळीला दाजी हेच सांगतात, "रंगानं काही झालं नव्हतं, ह्यानंच होडी फाडली." आणि समोर बसलेले पाहुणे हसतात. मग मी सांगायला लागतो की रंग मारला नसता तर ग्राइंडर आणलाच नसता. पण ते सांगेपर्यंत चिवडा आलेला असतो.

ठिगळ मी स्वतः मारलं. रेझिन, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), हार्डनर सातपूरच्या एमआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्याकडून आणलं. पहिलं बसलं नाही, कारण मी ते डिसेंबरात केलं. आपल्याकडे निफाडला पारा पाच-सहावर येतो त्या दिवसांत रेझिन तसंच चिकट राहतं. फेब्रुवारीत पुन्हा केलं. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, उन्हाळ्यात एकच, नाहीतर मगातच आवळतं. रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर आवळायला लावणारं द्रावण) आधीच घातलेलं घ्या. सुटं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचं नाही, भडका उडतो. वरचा जेलकोट हवेत चिकटच राहतो, त्यात मेणाचं द्रावण घालायला विसरू नका. आणि खाली इपॉक्सी पुट्टी भरलेली असेल तर त्यावर साधा जेलकोट नीट बसत नाही.

तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट ही की होडी बाराही महिने पाण्यात आहे. दाजींचं दुसरं वाक्य असायचं, गोडं पाणी आहे, खारं थोडंच आहे, काय होतंय? उलटं आहे. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं, आतल्या रेझिनमधलं विरघळणारं काहीबाही घेऊन घट्ट होतं आणि मग आणखी पाणी ओढून घेतं. बाहेरचं पाणी जितकं गोडं, तितकी ही ओढ जास्त. समुद्रापेक्षा तळ्यात, धरणात हे फोड लवकर येतात. रुपयाच्या नाण्यानं तळ ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत थर सुटलाय. फोड आले असतील तर एखादा फोडून वास घ्या, चष्मा लावून. आंबूस, व्हिनेगरसारखा आला तर मेण-कंपाउंडनं भागणार नाही. फोड उघडून होडी पूर्ण वाळवावी लागेल, फेब्रुवारी ते मे आपलं कोरडं ऊन-वारं त्यासाठी सोन्यासारखं. काम नसेल तेव्हा होडी बाहेर काढून पालथी ठेवत जा. आम्ही बागेच्या जुन्या मांडवाच्या अँगलचे दोन घोडे केलेत. वर शेडनेट, ताडपत्री अंगाला चिकटवून नाही, तिच्याखाली ओल कोंडते.

हे सगळं पांढऱ्या होडीचं. तुमची गडद रंगाची असेल तर ऑक्झॅलिक आणि कंपाउंड आधी कोपऱ्यात लावून बघा. आणि आधीच कुणी रंग मारला असेल, तो फुगला नसेल, तर तो काढण्याच्या भानगडीत माझ्यासारखं पडू नका, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. कंपनीचा दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर नीट घासून मारता येतो, हेही खरं. तो रंग नव्हे, पण दाजींना मी हे अजून सांगितलेलं नाही.

ठिगळ आजही दिसतं, बाकी तळापेक्षा अंमळ जास्त पांढरं. दाजी मागच्या दिवाळीला आले तेव्हा होडी घोड्यांवर पालथीच होती. खिशातून नाणं काढून त्यांनी बरोबर त्याच जागी तीनदा ठोकलं. टणक वाजलं. मग त्यांनी शेजारी ठोकलं.