मुलाचं वाक्य मुलालाच लिहू द्या

‘मुलांच्या आत्मचिंतनासाठी कोणतं अॅप चांगलं?’ हा प्रश्न मराठवाड्यातल्या शिक्षकांकडून आणि पालकांकडून सतत येतो. त्याभोवतीच फिरणारे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

दीक्षा अॅपसाठी पैसे भरावे लागतात का? (पालक, परतूर)

नाही. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं मोफत अॅप आहे. कुणी पैसे मागितले तर मुख्याध्यापकांना कळवा.

एक कंपनी बोटांचे ठसे स्कॅन करून मूल पाहून शिकतं की ऐकून, याचा अहवाल देते. करून घ्यावं का? (पालक, लातूर)

अजिबात नको. ठशांवरून बुद्धी किंवा शिकण्याची पद्धत कळते, याला शास्त्रीय आधार नाही. ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ अशी वाटणी करून शिकवलं की मुलं जास्त शिकतात, हा दावाही संशोधनात टिकलेला नाही. शेजाऱ्यांनी केलं म्हणून आपणही करायचं, असं होतं आणि लेकराचे ठसे परक्यांच्या हाती जातात. मूल वाचताना फारच अडखळत असेल तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र पुढच्या वर्षावर ढकलू नका.

समग्र प्रगतीपत्रकात मुलाचं स्वयंमूल्यमापन भरायचं आहे. वर्गात चाळीस मुलं. व्हॉट्सअॅपवर तयार नोंदींची पीडीएफ मिळते, एआयही लिहून देतं. वापरलं तर बिघडलं कुठं? (शिक्षिका, अंबाजोगाई तालुका)

बिघडतं, बाई, आणि हे सविस्तर सांगायलाच हवं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (वर्षभर मुलाची प्रगती टिपायची पद्धत) 2010 साली आपल्याकडे आलं. वर्णनात्मक नोंदी हा त्याचा जीव होता. पण थोड्याच काळात ‘मित्रांना मदत करतो’, ‘स्वच्छतेची आवड आहे’ ही वाक्यं गावोगाव फिरायला लागली आणि वर्गातली सगळी मुलं कागदावर सारखी दिसू लागली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने प्रगतीपत्रकात मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही आणलं. आता मुलाचं म्हणणंसुद्धा पीडीएफमधून उचलायचं असेल, तर तो रकाना कोरा ठेवलेला बरा.

तुमच्या फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. नेट लागत नाही, लाइट गेली तरी अडत नाही. मुलाला एक उतारा वाचायला सांगा, रेकॉर्ड करा. तीन आठवड्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घ्या आणि दोन्ही रेकॉर्डिंग त्याला एका बैठकीत ऐकवा. मग विचारा: काय बदललं? कुठं अडलं? आता काय करून बघशील? ‘जोडाक्षर आलं की म्या थांबतो,’ असं तो म्हणाला तर तेच, त्याच्याच बोलीत लिहा. ते ‘शुद्ध’ करू नका. रोज पाच मुलं घेतली तर आठ दिवसांत वर्ग होतो.

गणितासाठी प्लिकर्स या अॅपची छापील कार्डं बघा. मूल कार्ड फिरवून उत्तर दाखवतं आणि कॅमेरा फक्त तुमच्या फोनचा लागतो. बरोबर उत्तर उघड करण्याआधी ‘तुला किती खात्री आहे?’ हे वहीत लिहून घ्या. खात्री असूनही चुकलेलं मूल तिथं सापडतं, त्याच्याशी आधी बोला. एआयकडून प्रश्नांचा कच्चा मसुदा घ्यायला माझी ना नाही. पण मुलाचं नाव, घरची परिस्थिती त्यात टाकू नका आणि मुलाचं उत्तर एआयकडून लिहून घेऊ नका. प्रगतीपत्रकाच्या नमुन्यात मुलांची ही वाक्यं कशी बसवायची, ते केंद्रप्रमुखांना विचारून घ्या.

दिवाळीनंतर अर्धा वर्ग आई-बापासोबत ऊसतोडीला जातो. त्यांच्या नोंदी अॅपवर ठेवल्या तर चालतील का? (शिक्षक, शिरूर कासार)

फक्त अॅपवर नको. फोन फडावर बापाच्या खिशात असतो. वर सांगितलेलं वाचनाचं पहिलं रेकॉर्डिंग दिवाळीआधीच करा. मुलाच्या तीन उत्तरांचं पान वहीला लावून द्या आणि त्याची प्रत शाळेत ठेवा. मूल गावीच राहू शकेल का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आत्ताच बोला. गाड्या निघाल्यावर चौकशी करून उपयोग नाही.

मुलं स्वतःच्या चुका सांगतात, त्याचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकतो. कौतुक होतं. (शिक्षक, वसमत)

आजच थांबवा, टाकलेले काढा. एकदा हसं झालं की मूल पुन्हा खरं सांगत नाही. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. शाळेने काय करायचं, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या.

मुलगा नीटची तयारी करतो. सराव चाचणीचं अॅप रोज रँक दाखवतं, ती बघून तो जेवत नाही. अॅप म्हणतं हेच आत्मपरीक्षण. (आई, नांदेड)

रँक म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. रँकची सूचना बंद करा. चुकलेले प्रश्न ‘आलंच नाही’, ‘येत होतं पण घाई केली’, ‘प्रश्नच नीट वाचला नाही’ अशा तीन ढिगांत त्याचे त्याला वाटू द्या आणि ते शिकवणाऱ्या सरांना दाखवायला सांगा. पण ताई, जेवण सुटलंय ही गोष्ट अभ्यासाच्या आधीची आहे. परीक्षा होईपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.