गाठ कुठे पळून जात नाही

अगं पोरी,

काल लिफ्टमध्ये तुझ्या आईने माझा हात धरला आणि सातव्या मजल्यापर्यंत नुसती रडत होती, तेव्हाच कळलं काय ते. मग म्हणाली, मॅमोग्राफीत स्तनात अडीच सेंटीमीटरची गाठ दिसलीय आणि शुक्रवारी ओळखीच्या सर्जनकडे काढूनच टाकायचं ठरतंय. फोन करणार होते पण तुझी आई स्पीकर चालू करते, म्हणून लिहितेय.

शुक्रवार कॅन्सल कर.

मी 2016 मध्ये हेच केलं. जवळच्याच एका हॉस्पिटलात, सुईची बायोप्सी न करताच, कारण घरात सगळे म्हणत होते एकदाची घाण बाहेर निघू दे. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर, आणि कडेला अजून पेशी शिल्लक. म्हणजे परत भूल, परत टाके. त्यात खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक ह्या कॅन्सर हॉस्पिटलला गेले तर त्यांनी आधी स्लाइड आणि ब्लॉक मागितले, ते मिळवायला जुन्या लॅबच्या तीन चकरा झाल्या, तेही हाताखाली नळी लटकत असताना. (ब्लॉक म्हणजे मेणात ठेवलेला आपलाच तुकडा, तो मागायचा असतो हेही मला माहीत नव्हतं.)

तर आधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढतात, आणि तिच्यावर ईआर, पीआर, हर टू ह्या तीन तपासण्या, गाठ कुठल्या हार्मोनवर किंवा प्रोटीनवर वाढतेय ते त्यातून कळतं. हर टू 2+ आला तर फिश नावाची पुढची टेस्ट करतात, अजून काही दिवस जातील, जाऊ देत. आधी केमो की आधी ऑपरेशन हे बरंचसं ह्याच रिपोर्टवर ठरतं. हर टू पॉझिटिव्ह असेल किंवा तिन्ही निगेटिव्ह असतील तर दोन सेंटीमीटरच्या वरच्या गाठीला बऱ्याचदा केमोच आधी देतात, कारण गाठ आत असली की औषध लागू पडतंय का ते दिसतं, ती काढूनच टाकली तर बघणार कशावर? दोन आठवडे थांबलीस म्हणून आभाळ कोसळत नाही. फक्त थांबायचं ते रिपोर्टसाठी, कुणाच्या काढ्यासाठी नाही, दोन महिने तर अजिबात नाही.

सासूबाई म्हणतील आख्खा काढला की सेफ. सुरुवातीच्या स्टेजला तसं नसतं गं, फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका वीस वर्षं बघितल्या, जगण्यात फरक नाही पडला, ते 2002 मध्ये छापून आलंय. आणि थेट ऑपरेशनच ठरलं तर सर्जनला एक विचार, चीर द्यायच्या आधी गाठीभोवती बधिर करायचं इंजेक्शन देणार का. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवेंनी 1600 बायकांवर करून बघितलं, 2023 मध्ये आलं, सहा वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी 86.4 टक्के हयात होत्या, घेतलेल्यांपैकी 90.1 टक्के, आणि इंजेक्शन साधं, स्वस्त.

पुढे मूल हवं असेल तर तो विषय तूच काढ, डॉक्टर गडबडीत विसरतात. केमोने पाळी कायमची जाऊ शकते, एग फ्रीझिंगला साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमोच्या आधीच करावं लागतं, म्हणजे रिपोर्टची वाट बघता बघता तेही विचारून होईल. तुझ्या वयाला बीआरसीए टेस्टही सांगतील, म्हणजे कॅन्सर घराण्यातून आलाय का ते बघणारी जनुकांची तपासणी, मावशीचं सांगायला लाजू नको.

केसांचं आत्ता नको, पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतील तेव्हा बघू, माझ्याकडे सुती टोप्या आहेत. थर्मामीटर मात्र आजच घे, केमो चालू असताना 100.4 ताप म्हणजे क्रोसिन खाऊन झोपायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

रविवारी फाइल घेऊन वर ये. सोमवारी सकाळची पनवेल लोकल पकडू, ऐरोलीहून थेट खारघर, मी येते सोबत. आईला घरीच ठेव, डबा करायला सांग.

तुझी नवव्या मजल्यावरची काकू