'टेल मी' चालतं, मग 'एक्स्प्लेन मी' का नाही?

प्रश्न असा आहे: "'टेल मी द स्टोरी' बरोबर, 'टीच मी इंग्लिश' बरोबर, 'शो मी द फोटो' बरोबर. मग 'एक्स्प्लेन मी द लेसन' चूक का? मराठीत तर सगळीकडे 'मला'च येतं. 'सजेस्ट मी अ गुड डॉक्टर' हेही चूक आहे का?"

हो, दोन्ही चूक. 'एक्स्प्लेन द लेसन टू मी' असं म्हणायचं. आणि डॉक्टर हवा असेल तर 'कॅन यू सजेस्ट अ गुड डॉक्टर?' एवढं पुरतं, 'मला' म्हणायची गरजच नसते. पण प्रश्नकर्त्याला 'का' हवं आहे आणि ते विचारण्यासारखंच आहे. शाळेत हा भाग बहुधा 'आधी अप्रत्यक्ष कर्म (ज्याला द्यायचं तो), मग प्रत्यक्ष कर्म (जे द्यायचं ते)' एवढ्या एका ओळीत उरकला जातो. मला तो नियम अपुराच नव्हे, तर घातक वाटतो. मराठी मुलाच्या हाती तो दिला की 'एक्स्प्लेन मी' त्यातून आपोआप बाहेर पडतं.

सुरुवात मराठीपासून करू. 'स, ला, ते. स, ला, ना, ते' हे आपण द्वितीयेसाठीही घोकलं आणि चतुर्थीसाठीही. म्हणजे 'मी रामला पाहिलं' आणि 'मी रामला पुस्तक दिलं' यांत 'ला' तोच. शिवाय हा प्रत्यय शब्दाला चिकटलेला असल्यामुळे शब्द कुठेही ठेवा, 'रामला पुस्तक दिलं' किंवा 'पुस्तक रामला दिलं', घेणारा कोण याबद्दल शंका राहत नाही. देणं, सांगणं, शिकवणं, समजावणं, सुचवणं, सगळ्यांना हा 'ला' चालतो.

इंग्रजीतही एके काळी असे प्रत्यय होते. जुन्या इंग्रजीत राजा म्हणजे 'क्युनिंग' आणि राजाला काही द्यायचं असेल तर 'क्युनिंगे'. आजचं 'हिम' हे रूप मुळात चतुर्थीचं. द्वितीयेचं रूप वेगळं होतं, 'हिने'. ते मागे पडलं आणि 'हिम'ने दोन्ही कामं उचलली, अगदी आपल्या 'त्याला'सारखी. नामांचे हे प्रत्यय पुढच्या काही शतकांत झिजून गेले. मग घेणारा कोण हे दाखवायला इंग्रजीकडे दोन साधनं राहिली: एक म्हणजे जागा, क्रियापदाला अगदी खेटून, दुसरं 'टू' हे अव्यय. 'गिव्ह मी द बुक' आणि 'गिव्ह द बुक टू मी' या दोन रचना तिथून आल्या.

ती खेटून बसायची जागा सगळी क्रियापदं देत नाहीत. गिव्ह, टेल, टीच, शो, सेंड, लेंड ही इंग्रजीच्या जुन्या घरातली, जर्मानिक, म्हणजे जर्मन, डच वगैरे भाषांच्या कुळातली. 1066 नंतर नॉर्मन फ्रेंचांचं राज्य आलं आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच-लॅटिन शब्दांचा मोठा भरणा झाला. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डेमन्स्ट्रेट हे त्या बाजूचे. यांनी 'टू' धरला आणि सोडला नाही. 'गिव्ह' आणि 'डोनेट' यांची जोडी बघा. अर्थ किती जवळचा! पण 'गिव्ह द स्कूल अ कॉम्प्युटर' चालतं आणि 'डोनेट द स्कूल अ कॉम्प्युटर' कानाला खटकतं. त्यामुळे माझी पहिली खूणगाठ अशी: क्रियापद छोटं, रोजच्या वापरातलं, एका झटक्यात उच्चारलं जाणारं असेल तर बहुधा दोन कर्मं शेजारी शेजारी चालतील, लांब आणि पुस्तकी असेल तर 'टू' लावा.

'बहुधा' मुद्दाम म्हटलं. 'प्रॉमिस', 'ऑफर', 'अवॉर्ड' हे मूळ लॅटिन-फ्रेंच बाजूचेच, तरी 'प्रॉमिस मी' अगदी शुद्ध. उलट 'से' हे अस्सल जुनं इंग्रजी क्रियापद, पण 'से मी द ट्रूथ' कधीच नाही. 'टेल'चं लक्ष ऐकणाऱ्याकडे असतं, 'से'चं उच्चारलेल्या शब्दांकडे. म्हणजे कुळापलीकडे अर्थाचाही हात आहे, आणि मला या प्रश्नात सर्वांत रस आहे तो इथे.

खेटून बसलेल्या कर्माला वस्तू मिळते, निदान मिळावी असा हेतू असतो. म्हणून 'आय सेंट माय सिस्टर अ पार्सल' चालतं, पण पार्सल मुंबईला पाठवलं तर 'आय सेंट अ पार्सल टू मुंबई' असंच म्हणावं लागतं. मुंबई हे ठिकाण आहे, ते पार्सल 'घेत' नाही. मुंबईच्या ऑफिसला उद्देशून 'मुंबई' म्हटलं तर मात्र 'सेंट मुंबई द पेपर्स' चालून जातं, कारण आता तिथे घेणारी माणसं आहेत. मराठीत बहिणीलाही 'ला' आणि मुंबईलाही 'ला', त्यामुळे हा भेद आपल्याला दिसतच नाही.

'फॉर'वाल्या क्रियापदांचंही तेच. 'मेक मी अ कप ऑफ टी', 'बाय मी अ टिकेट' बरोबर, कारण चहा आणि तिकीट शेवटी माझ्या हातात येतात. 'ओपन मी द डोअर' चूक, कारण दार उघडलं तरी ते माझं होत नाही. तिथे 'ओपन द डोअर फॉर मी' हवं. आपण 'मला दार उघडून दे' म्हणतो तेव्हा त्या 'मला'ला जागा करून देतं ते 'दे'. 'वाचून दाखव', 'समजावून सांग' यांतही मुख्य क्रियापदाच्या मदतीला असं दुसरं क्रियापद येतं. 'समजावून सांग'मधल्या 'सांग'चा 'मला' आपण 'एक्स्प्लेन'च्या गळ्यात घालतो, आणि चूक घडते ती अशी.

अर्थाचा जोर किती, हे नव्या क्रियापदांत दिसतं. ईमेल, टेक्स्ट, व्हॉट्सॲप ही क्रियापदं अलीकडची. 'ईमेल मी द फाइल', 'व्हॉट्सॲप मी द ॲड्रेस' हे कुणी नियम करून ठरवलं नाही. निरोप पोचवण्याचं साधन म्हटल्यावर ती रचना लगेच रुळली. बोलण्याची ढब सांगणाऱ्या व्हिस्पर आणि शाउट यांना मात्र ती जागा मिळत नाही: 'व्हिस्पर मी द सीक्रेट' नव्हे, 'व्हिस्पर द सीक्रेट टू मी'.

एका गोष्टीने गोंधळ होतो. 'एक्स्प्लेन टू मी व्हाय द ट्रेन इज लेट' असं वाक्य वाचनात येतं आणि वाटतं, इथे 'मी' आधी कसं? स्पष्ट करायची गोष्ट लांबलचक असली की इंग्रजी ती शेवटी ढकलते, एवढंच. 'टू' तसाच राहतो. याउलट वस्तू 'इट'सारखी अगदी छोटी असेल तर 'गिव्ह मी इट'पेक्षा 'गिव्ह इट टू मी' सहज वाटतं.

याच चुकीचं दुसरं रूप ऑफिसच्या पत्रांत असतं: 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल्स'. 'आय वॉज टोल्ड द रूल्स' बरोबर, कारण 'टेल मी'मधलं 'मी' कर्माच्या जागी आहे आणि कर्मणी प्रयोगात ते कर्ता होऊ शकतं. 'टू मी'मधलं 'मी' अव्ययाला बांधलेलं असल्याने इथे कर्त्याच्या जागी येत नाही. म्हणून 'द रूल्स वेअर एक्स्प्लेन्ड टू मी'. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली तर 'आय वॉज सजेस्टेड' नको, 'आय वॉज अ‍ॅडव्हाइज्ड टू टेक रेस्ट' म्हणा.

प्रोव्हाइड, इन्फॉर्म, रिमाइंड यांचा गट तिसराच: 'प्रोव्हाइड अस विथ वॉटर', 'इन्फॉर्म मी ऑफ द चेंज'. इथे माणूस खेटून बसतो आणि अव्यय वस्तूच्या आधी लागतं.

शंका आली की शब्दकोश उघडा, पण अर्थाखाली दिलेली रचनाही वाचा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना परभाषकांची हीच अडचण ओळखली होती. 1948 साली ऑक्सफर्डने काढलेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांच्या 25 रचना ठरवून कोणतं क्रियापद कोणत्या रचनेत बसतं ते दाखवलं होतं. आजच्या विद्यार्थी-कोशांत 'एक्स्प्लेन समथिंग टू समबडी' असं सरळ लिहिलेलं सापडेल.